गेटापासून सोपाऱ्यापर्यंत : आपल्या चालणाऱ्या मंडळींचा इतिहास

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं. "सर, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, तुम्हाला काय अवघड?" असं म्हणून चिटणीसांनी इतिवृत्ताच्या वह्या माझ्या घरी आणून दिल्या. मी त्या आठवडाभर वाचल्या. पाण्याची टाकी, लिफ्टची देखभाल, थकबाकीदारांना नोटिसा, "ठराव सर्वानुमते मंजूर". पंचवीस वर्षांत आपण जणू एकदाही भांडलो नाही! ज्यांनी त्या सभा पाहिल्या आहेत त्यांना खरं काय ते ठाऊक आहे.

म्हणून मी ठरवलं की वह्यांमधला इतिहास राहू दे. आपल्या सकाळच्या चालणाऱ्या मंडळींचा इतिहास लिहावा, कारण त्याची कुठेही नोंद नाही आणि तो मी स्वतःच्या पायांनी पाहिला आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की जी मी आजवर सभेत बोललो नाही. तीही लिहिणार आहे.

सुरुवात अगदीच साधी होती. आपण बहुतेक जण इथे राहायला आलो ते मुंबईतल्या चाळीतली खोली विकून किंवा कर्ज काढून. पहाटे लोकल, रात्री लोकल. वसईत राहत होतो असं म्हणण्यापेक्षा वसईत झोपत होतो म्हणा. पुढे डॉक्टरांनी तिघांना एकाच महिन्यात साखर सांगितली : मी, पोस्टातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि बी विंगमधले गोदीत नोकरी केलेले भाऊ. आम्ही बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायला लागलो. सहाव्या फेरीला वॉचमन हसायचा. चार दिवसांत कंटाळा आला आणि आम्ही गेटाबाहेर पडलो. गटाची स्थापना म्हणायची तर हीच. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, नावही नाही. वहिनी मंडळी पुढच्या वर्षी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात आमच्यापुढे चालू लागल्या.

स्टेशनकडे पाठ करून पश्चिमेला निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत वसई बदलते, हे आम्हाला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. इमारती संपतात, केळीच्या बागा, नारळ-सुपारी, पानवेली, चर्चचा मनोरा, आणि रस्त्याला लागून हिरव्या पाण्याचे मोठाले खड्डे. त्या खड्ड्यांना इथले लोक बावखल म्हणतात. आम्ही त्यांना डबकी म्हणायचो. हा शब्द नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

रविवारी लांबचा पल्ला सुरू झाला. होळी बाजारात भाजी घेऊन बसने परत येणं हा त्यातला अर्धा उद्देश, हे कबूल करायला हरकत नाही. गिरीजची हिरा डोंगरी, निर्मळचं तळं, भुईगावचा किनारा, सुरुची बाग, आणि हिवाळ्यात एकदा तरी किल्ला. किल्ल्यात गेलो की माझ्यातला मास्तर जागा व्हायचा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली, १८०२ साली इथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, हे सगळं मी दरवर्षी सांगायचो आणि मंडळी दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. वसईच्या विजयानंतर इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, हे सांगितल्यावर मात्र वहिनींनी हट्ट धरला आणि आम्ही नाशिकला पंचवटीत नारोशंकराची घंटा बघायला गेलो. तिच्यावर १७२१ साल आहे. गोदीतले भाऊ तिच्याखाली उभे राहून म्हणाले, "ही आपल्या गावची." आपल्या गावची! रत्नागिरीचा माणूस, आयुष्य माझगावात गेलेलं, आणि वसईला आपलं गाव म्हणाला. मला वाटतं त्या दिवशी आम्ही खरे वसईकर झालो.

मधल्या काळात आपला पत्ताही बदलत राहिला. आलो तेव्हा नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती, ३ जुलै २००९ला वसई-विरार महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्याऐवजी पालघर लिहायला लागलो. पोस्टातले काका तेव्हा म्हणाले की आपण बसलेलो तिथेच आहोत, फक्त लिफाफा बदलतोय.

पण माझ्या दृष्टीने आमच्या सगळ्या चालींमधली मोठी चाल सोपाऱ्याची. नालासोपारा म्हटलं की गर्दीची लोकल आठवते. पण हेच प्राचीन शूर्पारक, अशोकाच्या काळातलं भरभराटीचं बंदर. तिथल्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला आणि आत विटांचा स्तूप निघाला. मध्यभागी दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, सोबत बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती, यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. त्याच वर्षी भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा मिळाला, तोही कुठे, तर आमच्या रविवारच्या भुईगावात! शिलालेख आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. आम्ही एका रविवारी चालायचं सोडून लोकलने जाऊन ते पाहिले.

आठव्या लेखात आहे काय? अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो स्वतः बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रांचं रूप बदललं. वृद्धांना भेटायचं, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटायचं, त्यांची विचारपूस करायची. मी हे संग्रहालयात वाचून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपण अजून विहारयात्रेवरच आहोत, सर. भाजी घेतो आणि येतो. कुणाशी बोलतो का कधी?"

बोलणं लागलं ते त्यानंतर. आमच्या वाटेवर एक म्हातारे बाबा सकाळी बागेला पाणी लावायचे. आम्ही रोज नुसता हात दाखवायचो. त्या आठवड्यात थांबलो. त्यांनी त्यांचं बावखल दाखवलं, काठावर जुन्या रहाटाचं दगडी बांधकाम दाखवलं. पूर्वी बैल जुंपून रहाट फिरवायचे आणि पाणी पाटाने बागेत जायचं. पावसाचं पाणी बावखलात साठतं, जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र एवढा जवळ असूनही विहिरींना गोडं पाणी. मग त्यांनी विचारलं, "तुमची बिल्डिंग कुठली?" काकांनी खूण सांगितली. बाबा जरा आठवून म्हणाले, "म्हणजे ते भाताचं शेत. तिथे मागच्या अंगाला बावखल होतं. चारी बाजूंचं पाणी त्यातच उतरायचं. आहे का अजून?"

कुणालाच काही आठवेना. "नाही बुवा," असं म्हणून सगळे पुढे निघाले. मला आठवत होतं.

आपण नवीन राहायला आलो तेव्हा आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एक खड्डा होता, जुन्या मंडळींना आठवेल. त्यात गवत, शेवाळ, पावसाळ्यात बेडूक. गच्चीचं पाणी तिकडेच जायचं. डासांच्या तक्रारी होत्या, आणि गाड्या वाढत होत्या. वार्षिक सभेत तो भरून पार्किंग करावं असा ठराव आला. वहीत लिहिलं आहे : ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक कोण ते आता महत्त्वाचं नाही. अनुमोदक मी होतो. नुसतं अनुमोदन दिलं असंही नाही. मी उठून भाषण केलं होतं, की आरोग्याचा प्रश्न आहे, मुलं पडतील, शिकलेल्या माणसांच्या आवारात डबकं शोभत नाही. टाळ्या पडल्या. चार डंपर राडारोडा आला आणि काम झालं. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी एवढंच विचारलं होतं, "मग पाणी जाईल कुठे?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. वहीत तो प्रश्नही नाही.

बाबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि घरी येऊनही कुणाला बोललो नाही.

मग जुलै २०१८ आला. ९ आणि १० तारखेचा तो पाऊस कोण विसरेल? नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, विरारच्या गाड्या बंद, वीज गेलेली, मिठागरांत माणसं अडकलेली. सारी वसई पाण्यात होती, तेव्हा एका खड्ड्यावर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, मधली जमीन सखल. डोंगरावरून आलेलं पाणी पसरायला पूर्वी शेतं आणि खाजणं होती, तिथे आता आपण आहोत. हे सगळं खरं. पण रस्त्यावरचं पाणी उतरल्यानंतरही आपल्या आवारातलं दोन दिवस हललं नाही, हेही खरं. गच्चीचे पाईप त्या कोपऱ्यातच सुटत होते आणि कोपरा बंद होता. तळमजल्यावर गुडघाभर पाणी. ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्यांच्याच घरात सगळ्यात जास्त. त्यांचं फर्निचर, मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं सामान, सगळं गेलं. आम्ही वरच्या मजल्यांवरून डबे पाठवले, गाद्या दिल्या, सगळ्यांनी माणुसकी दाखवली. मी त्यांच्या घरी चहाचा थर्मास घेऊन गेलो. ते पाण्यात उभे राहून भिंतीवरचा फोटो काढत होते. मला म्हणाले, "या सर, बसा म्हणायची सोय नाही."

पुढच्या वर्षी ते घर विकून गेले. सगळी रक्कम देऊन पहिल्या दिवसापासून सभासद असलेलं कुटुंब. या स्मरणिकेत संस्थापक सभासदांचे फोटो आहेत, त्यात ते नाहीत, कारण नियमाप्रमाणे आजचे सभासद नाहीत. नियम बरोबर असेल. पण मी समितीला लेखी विनंती केली आहे.

ते गेल्यानंतर एका सकाळी मी चालताना मंडळींना सगळं सांगितलं : बाबांचा प्रश्न, माझं भाषण, माझं गप्प बसणं. कुणी रागावलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. गोदीतले भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टाळ्या मी पण वाजवल्या होत्या." त्याच आठवड्यात आम्ही कमिटीकडे अर्ज दिला. दोन पार्किंगच्या जागा काढून तिथे शोषखड्डा खणायचा, गच्चीचे पाईप त्यात सोडायचे आणि बाकीच्या आवारात आणखी फरशी घालायची नाही. ज्यांच्या जागा जाणार होत्या ते चिडले, आणि त्यांचं चिडणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दोन सभा गेल्या. तिसऱ्या सभेत ठराव झाला, सर्वानुमते नव्हे, बहुमताने. चिटणीसांना मी मुद्दाम तसंच लिहायला लावलं. आता आवारातलं पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतं. रस्त्यावरच्या पाण्याला मात्र आपला ठराव लागू होत नाही.

कोरोनात गच्चीवर खडूने रेषा आखून अंतर ठेवून चाललो. त्या दोन वर्षांत आमच्यातले दोघे गेले. पोस्टातले काका त्यांपैकी एक. भुईगावच्या वाटेवर जिथे ते हमखास चहाला थांबायचे, तिथे आम्ही अजूनही थांबतो, साखर घालून घेतो आणि डॉक्टरांना सांगत नाही.

आता गटात तरुण मुलंही येतात. दरवर्षीच्या वसई-विरार मॅरेथॉनसाठी तयारी करतात आणि आम्हाला मागे टाकून जातात. गेल्या पावसाळ्याआधी त्यांनी आपल्या नेहमीच्या वाटांवरची बावखलं मोजायला घेतली, फोनवर खुणा केल्या. कोणतं भरलेलं, कोणतं अर्धं भरलेलं, कोणत्यात अजून पाणी आहे. बाबांच्या बागेत त्यांचा नातू भेटतो. त्यांचं बावखल शाबूत आहे. आपल्या आवारातली खूण मुलांनी माझ्याकडून करून घेतली. मी पार्किंगमध्ये उभा राहून दाखवलं, "इथून तिथपर्यंत." एक मुलगा म्हणाला, "सर, एवढं मोठं होतं?"

रौप्यमहोत्सवी समारंभानंतरच्या पहिल्या रविवारी आपण सोपाऱ्याला जाणार आहोत. बुरुड राजाच्या कोटापर्यंत चालत, परत येताना बस. गेटावर पहाटे साडेपाचला जमायचं, पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांना मी फोन केला होता. ते आता मुलीकडे राहतात. गुडघे दुखतात, पण स्तुपापाशी रिक्षाने येऊन थांबतो म्हणाले.