पितरांचं पान

कासुर्डीहून भीमा ओलांडून घोड नदीकडे गेलं की शिरूर तालुक्यातलं इनामगाव लागतं. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. तिथं लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांचे पाय बहुधा घोट्याशी तोडलेले सापडले. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासक लावतात. शेजारी भांडीही ठेवलेली होती. म्हणजे मेलेल्याला तहानभूक असते, हे गृहीत होतं.

आता जरा लांब जाऊ. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन नगरातही मृतांना राहत्या घराखाली पुरत. सोळाव्या शतकात स्पॅनिश आले, कॅथलिक धर्म आला. आज तिथली माणसं २ नोव्हेंबर हा चर्चचा मृतात्म्यांचा दिवस पाळतात, पण घरात मक्याचे पदार्थ मांडतात आणि झेंडूची फुलं वाहतात. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा तिथलाच बरं का!

आपल्या शेजारी गोव्यात काय झालं? १७३६ मध्ये इन्क्विझिशननं फर्मान काढून बाटलेल्यांच्या कितीतरी जुन्या चालींवर बंदी घातली; दारची तुळससुद्धा त्यात आली. तरी कॅथलिक घरांत लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ टिकलं. घरातल्या मृतांच्या नावानं गरिबांना जेवू घालायचं.

यावर आपण विचारतो, हे खरं ख्रिस्ती की भेसळ? आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. फर्मान काढणाऱ्यांनी विचारलं, ‘तुम्ही काय मानता?’ घरातल्या बाईनं विचारलं, ‘आमची माणसं जेवली का?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पितृपक्षात आपणही पान वाढतो. पितर खरंच येतात का, असं कुणी विचारलं तर आपण अडखळतो. पण पान वाढायचं थांबत नाही.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही म्हणत आलो, आधी श्रद्धा, मग कृती. इनामगावची ती मडकी पाहिल्यावर हा क्रम उलटा असावा, असं वाटू लागलं. माणूस आधी हातानं निरोप देतो. त्याचा अर्थ मागाहून लावतो. म्हणून दुसऱ्याच्या स्मशानात त्याचा धर्म तपासायला जाऊ नये. तिथं फक्त हात जोडावेत.