कोंकणच्या आकाशांतील नौका

१९२७ च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश वायुदलाचीं चार ‘साउदॅम्प्टन’ जलविमानें प्लिमथहून निघालीं. एकावर एक असे दुहेरी पंख, दोन एंजिनें, आणि धड चक्क धातूच्या होडीचें! कराचीहून पश्चिम किनाऱ्यानें दक्षिणेस वळून तीं १९२८ च्या फेब्रुवारींत सिंगापुरास पोंचलीं. वाटेंत उतरण्याजोगीं बंदरें पाहणें हेंहि त्यांचें काम होतें. आडोशाचें संथ पाणी जलविमानास हवें, तसेंच तें गलबतासहि. आणि कोंकणांतील अशा जागांची पारख शिवछत्रपतींनीं केव्हांच केली होती. मालवणास सिंधुदुर्गाचें काम १६६४ सालीं सुरू झालें. पुढें तें ठाणें कोल्हापूरकरांकडे आलें व १८१२ च्या तहानें इंग्रजांच्या हातीं पडलें. मग हा किनारा आकाशांतून न्याहाळणारे वैमानिक परके असावेत, यांत नवल कसलें? कोल्हापुरास विमानतळ मिळाला तो १९३९ सालीं, राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत. तोहि समुद्रापासून दूर, उजळाईवाडीच्या माळावर.