बुळकांडी गेली, हे कळलं कसं?

मी लाखनीहून बोलतोय, आणि आजची गोष्ट आहे आपल्या गोठ्यातली.

बुळकांडी हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलाही नसेल. सणकून ताप, डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात व्रण, मग घाण वासाची हगवण आणि काही दिवसांत बैल आडवा. आपल्या धानाच्या पट्ट्यात बैल गेला म्हणजे चिखलणीच गेली.

पण ओळखायची कशी? लाळ तर तोंडखुरीतही गळते. फरक बघायचा तो खुरात. खुरात जखमा असल्या तर तोंडखुरी. खूर धड आणि हगवण जोरात, तर संशय बुळकांडीचा.

1889 मध्ये इंग्रज सरकारने जनावरांच्या रोगांसाठी पुण्यात प्रयोगशाळा काढली. 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. 1897 मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेला. तरी रोगाचं मूळ जिवाणूपेक्षाही बारीक आहे, हे 1902 मध्ये इस्तंबूलला सिद्ध झालं. पुढे 1920 च्या दशकात मुक्तेश्वरलाच एडवर्ड्सने बकऱ्यांमध्ये विषाणू वाढवून लस केली. 1954 पासून देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली.

आता खरी गंमत. लस टोचली तरी रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, आणि रोग होऊन गेला तरी होतात. मग रोग संपला, हे ठरवायचं कसं? उत्तर होतं, लसच बंद करा! त्यानंतर जन्मलेल्या वासरांचं रक्त तपासा. आईच्या चिकाचा असर ओसरल्यावरही प्रतिपिंडं सापडली, तर विषाणू अजून फिरतोय. धाडसच होतं हे. पण 1995 नंतर देशात एकही उद्रेक झाला नाही. 2006 मध्ये भारत आणि 2011 मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

2022 मध्ये लम्पी राज्यभर पसरला, तेव्हा गाठी डोळ्यांना दिसत होत्या, पण पक्कं निदान खपलीच्या पीसीआर चाचणीतूनच होतं. आणि प्रयोगशाळा कितीही भारी असो, नमुना तिथवर पोचला पाहिजे ना? 2009 च्या कायद्याने अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा गोठ्यात काही वेगळं दिसलं, तर स्टेटस टाकण्याआधी 1962 लावा.

भेटू पुढच्या भागात!