दोनच नावांची यादी

ग्रीसमधलं झाकिंथोस बेट म्हटलं की रील्समध्ये काय दिसतं? निळंशार पाणी, पांढरे कडे आणि १९८० पासून वाळूत रुतून बसलेलं ते गंजकं जहाज. लागानासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात, त्यांच्यासाठी १९९९ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानही आहे. सगळं सुंदरच. पण या बेटाची खरी श्रीमंती फोटोत येत नाही.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि बेट जर्मनांच्या हातात गेलं. तिथं सुमारे २७५ ज्यू राहत होते. नगराध्यक्ष होते लुकास कारेर. त्यांना हुकूम आला, सगळ्या ज्यूंची यादी द्या. यादी दिली की पुढं काय होतं, हे थेस्सालोनिकी शहरानं दाखवलं होतं. तिथले चाळीस हजारांहून जास्त ज्यू मालगाडीच्या डब्यांत कोंबून आउशवित्झला नेले होते.

कारेर गेले बिशप क्रिसोस्तोमोस यांच्याकडे. बेटावर आजही सांगतात, की यादी दिली गेली खरी, पण तिच्यात नावं दोनच होती. एक बिशपचं, दुसरं नगराध्यक्षांचं!

इकडे ज्यू कुटुंबं डोंगरातल्या गावांत, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या आसऱ्यानं लपली. मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. पुढं झाले दोघं, पण गुपित पोटात ठेवलं अख्ख्या बेटानं. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर खेळ संपला होता. जून १९४४ मध्ये त्याच द्वीपसमूहातल्या कॉर्फूवरून सुमारे १८०० ज्यू उचलून नेले. त्यातले बहुतेक परतलेच नाहीत. झाकिंथोसचे ज्यू मात्र छळछावणीपासून वाचले.

ऑगस्ट १९५३ मध्ये भूकंपानं शहर जमीनदोस्त झालं. मदतीला धावलेल्यांत इस्रायलची जहाजंही होती. १९७८ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेनं या दोघांचा गौरव केला. भूकंपात ज्यूंचं प्रार्थनास्थळ पडलं, त्या जागी आज दोघांचे पुतळे आहेत. कुणी जाणार असाल तर समुद्रावर जायच्या आधी तिथं जा.

"वरून आदेश आहे, मी काय करणार?" हे वाक्य आपण सरकारी टेबलासमोर उभं राहून कितीदा ऐकतो. एका छोट्या गावच्या नगराध्यक्षाकडंही हेच उत्तर तयार होतं, आणि ते दिलं असतं तर त्या दिवसांत त्याला कुणी दोषही दिला नसता. त्यानं ते दिलं नाही.