भिगवणची गणना आणि न मरणारी पेशी

बारामती म्हटली कीं मोरोपंत आठवावे आणि इंदापूर म्हटलें कीं मालोजीराजे, हा आमच्या शिक्षणाचा संस्कार आहे. परंतु या प्रदेशाच्या इतिहासांत इ. स. १९९६ हें एक साल असें आहे कीं, त्यांत राजा नाहीं, कवि नाहीं, तरी त्याची नोंद झाली पाहिजे. त्या वर्षीं इंदापूर तालुक्यांतील भिगवण येथें पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं गांवांतीलच स्वयंसेवकांस शिकवून घरोघर सांधेदुखीची गणना केली. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यांपैकीं ७४६ जणांस, म्हणजे शेंकडा १८.२ लोकांस, हाडांसांध्यांची कांहींतरी पीडा होती. ज्यास इंग्रज वैद्य गॅरड यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास 'रूमॅटॉइड' हें नांव दिलें, तो सांधे झिजवून वांकडे करणारा संधिवात हजारीं सुमारें पांच जणांस आढळला. हा रोग शहरी सुखवस्तूंचा असें मानणारांस हा आंकडा पुरेसें उत्तर आहे. माधवनिदानांत आमवाताचें स्वतंत्र प्रकरण आहे हें खरें. परंतु तो आणि हा रोग सर्वस्वीं एकच, असें म्हणण्याची घाई आम्ही करणार नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच १९९६ सालीं युरोप-अमेरिकेंतील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या रोग्यांच्या सांध्यांतील अस्तराच्या पेशी व निरोगी माणसाची कूर्चा हीं दोन्हीं, रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या उंदरांच्या अंगांत शेजारीं शेजारीं ठेविलीं. रोग्याच्या रक्तांतील लढाऊ पेशी तेथें नव्हत्या. तरी अस्तराच्या पेशी कूर्चेंत शिरून ती खाऊं लागल्या. म्हणजे ज्यांस आपण केवळ मार खाणाऱ्या समजत होतों, त्या स्वतः हल्लेखोर ठरल्या.

या पेशी इतक्या साचतात कशा? उत्तरासाठीं इ. स. १९७२ कडे मागें जावें लागतें. त्या वर्षीं केर, वायली व करी यांनीं पेशींच्या शिस्तबद्ध मरणास 'एपॉप्टोसिस' असें नांव दिलें. झाडाचीं पानें गळणें असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. पान गळलें नाहीं तर झाड निरोगी राहात नाहीं, तसेंच शरीराचें आहे. संधिवातांत अस्तराच्या पेशी वेगानें विभागून वाढतात असें म्हणावें, तर विभागणाऱ्या पेशी तेथें थोड्याच सांपडतात. आणि मरणाऱ्याहि थोड्याच. तेव्हां वाढ ही बरीचशी न मरण्यामुळें होते, असें अनुमान निघतें. मरणाची आज्ञा घेणारें 'फास' नांवाचें द्वार या पेशींच्या पृष्ठभागावर असतें. परंतु आंत 'फ्लिप' नांवाचें प्रथिन ती आज्ञा पुढें जाऊं देत नाहीं. पुढें २००० सालीं 'सेंट्रिन' हें दुसरें संरक्षक प्रथिनहि या पेशींत विपुल असल्याचें दाखविण्यांत आलें. हुकूम पोंचतो, पण अंमलबजावणी होत नाहीं; ज्यांनीं पेशवाईचे अखेरचे दिवस अभ्यासले आहेत, त्यांस ही अवस्था अपरिचित वाटणार नाहीं.

या सूक्ष्म विद्येचा भिगवणच्या खुरपणाऱ्या बाईस काय उपयोग, असें वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आजचीं औषधें दाहाचे निरोप थांबवितात, आणि त्यांनीं पुष्कळांचे सांधे वांचले आहेत. पण या पेशींस मरण शिकविणारें औषध अद्यापि रोग्याच्या हातीं आलेलें नाहीं. एकदां खाल्लेली कूर्चा परत येत नाहीं. म्हणून सकाळीं तासभर बोटें वळत नाहींत व सांधे सुजतात, ही तक्रार 'वातच तो' म्हणून वर्ष-दोन वर्षें अंगावर काढणें हीच खरी हानि होय. हें रोगाचें पाऊल लवकर ओळखण्याची विद्या प्रयोगशाळेची नव्हे, गांवाची आहे. आणि भिगवणच्या स्वयंसेवकांनीं दारोदार जाऊन जें विचारलें, तें प्रत्येक तालुक्यांत नित्य विचारलें जावें, एवढेंच आमचें मागणें आहे.