पगारपत्रकातला एक रकाना

झरी जामणी तालुक्यातल्या एका शाळेत मी काही वर्षे पगारपत्रके तयार केली. आयकराचा विषय निघाला की गुरुजींचे आवाज चढत. शेजारच्या 'व्यवसाय कर' या रकान्याकडे मात्र कोणी बघत नसे. मला त्याचाच इतिहास अधिक रंजक वाटतो.

पगारावरचा आयकर आपल्याकडे १८६० साली आला. सत्तावन्नच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन यांनी तो लावला. वर्षाला २०० रुपये मिळवणाराही त्यात आला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले. त्यामुळे पैनगंगेकाठच्या आमच्या कापसाच्या मुलखात आयकर भरणारे म्हणजे मुख्यतः पगारदार आणि व्यापारी. त्या काळी कर ठरवणारा जिल्हाधिकारीच तक्रारही ऐके! खात्याबाहेरचे अपील न्यायाधिकरण व्हायला २५ जानेवारी १९४१ उजाडावे लागले.

व्यवसाय कराचे तसे नाही. त्याला राज्यघटनेच्या कलम २७६ नेच कुंपण घातले होते : माणशी वर्षाला २५० रुपये, त्याहून जास्त नाही. हे कुंपण किती पक्के, ते वऱ्हाडातच ठरले. धामणगावच्या नगरपालिकेने कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवर लावलेला कर ही मर्यादा ओलांडून गेला. भारत कला भांडार ही कंपनी जादा रक्कम परत मागायला दिवाणी न्यायालयात गेली. कर-आकारणीविरुद्ध दावाच चालत नाही, हा पालिकेचा बचाव. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जे घटनेनेच घेऊ दिलेले नाही, ते परत मागता येते.

पुढे दुष्काळ आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना राज्यभर गेली, आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर शासनाने घालायची, असा बेत होता. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये आमच्याकडच्या पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या कोलाम बाईच्या मजुरीत यायचे. अशी सरळ नाळ असलेला दुसरा कर मला तरी ठाऊक नाही. मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे, हे त्रांगडे त्या बेरजेपायी आहे.

२६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमी हा कायदेशीर हक्क झाला. १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता. गुरुजींना आयकराच्या अपिलासाठी वकील तरी मिळे. मजुराला भत्ता मागायचा, तर आधी कामाच्या अर्जाची पोच हातात हवी. बोटाचा ठसा उमटवून अर्ज देणाऱ्याने ती पोच मागून घ्यायची असते, हे त्याला सांगणार कोण?