दुष्काळाचा हिशोब: पुणे सार्वजनिक सभा, १८७६ ते १८९७

१८७६ साली पावसाने दख्खनकडे पाठ फिरवली आणि सोलापूर, अहमदनगर, सातारा या जिल्ह्यांतील पिके बुडाली, तेव्हा १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने सरकारदरबारी केवळ दयेचा अर्ज न करता दुष्काळाचा हिशोबच मांडला. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी आणि सरकारी न्यायखात्यात असलेले महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सभेचे प्रतिनिधी जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. पीक, पाणी, चारा, धान्याचे भाव आणि गाव सोडून निघालेली माणसे यांची त्यांनी जमवलेली माहिती पत्रांमागून पत्रांतून मुंबई सरकारकडे जात राहिली.

या माहितीची खरी कसोटी जानेवारी १८७७ मध्ये लागली. व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील, म्हणजे उपाशी लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने काढलेल्या कामांवरील, पुरुषाचा रोज एक पौंड (सुमारे ४५० ग्रॅम) धान्याची किंमत आणि वर थोडेसे पैसे एवढ्यावर आणला गेला. दिवसभर खडी फोडून एवढ्यावर जगायचे, त्यापेक्षा काम नको, असे म्हणत हजारो मजूर कामे टाकून निघून गेले. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून अधिक शिधा मिळतो, हा सभेचा मुद्दा बिनतोड होता, कारण तो सरकारच्याच नियमांतून काढलेला होता. मद्रासमधील पत्रकार विल्यम डिग्बी यांनी १८७८ च्या आपल्या दोन खंडांच्या ग्रंथात या दुष्काळाची हकिकत इंग्रज वाचकांपुढे ठेवली.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता, म्हणजे मदत केव्हा सुरू करावी आणि कोणाला किती द्यावी यांचे लेखी नियम, तयार झाल्या. त्या उदार नव्हत्या; पण हक्क कागदावर आला, ही गोष्ट लहान नव्हे. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’ने तेच नियम मराठीत समजावून दिले, सारासूट आणि तहकुबी, म्हणजे सारावसुली पुढे ढकलणे, मागायला शेतकऱ्याला शिकवले, आणि सभेचे लोक पुन्हा गावोगाव फिरले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.